डाव्या हाताचा विळा

विळ्याला बाजू असते हे मला लग्न होऊन सासरी जाईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? ज्यांच्या हाताला तो बसतो त्यांना ते कळायचं काही कारणच नाही. आमच्याकडचा भात कापायचा विळा दातेरी असतो, आणि ते दाते पात्याच्या एकाच अंगानं, तिरपे पाडलेले असतात. उजव्या हातात धरून ओढला की दाते काडीला धरतात, कर्र असा आवाज येतो आणि मूठभर भात एका ओढीत सुटून हातात येतं. तोच विळा डाव्या हातात घेऊन बघा. पातं पालथं होतं, दाते काडीवरून सटकतात, बोटांची पेरं जमिनीला खरचटतात, आणि विळा भात सोडून तुमच्याच दुसऱ्या हाताकडे यायला लागतो. माझ्या उजव्या हाताच्या बोटांवर त्याच्या खुणा अजून आहेत. मी जन्माची डावरी.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, डोळखांबच्याही आत. नव्वद सालाच्या आगेमागे तिथं पोर डावरी निघाली की आईला चार बायका विचारायच्या, पोटुशी असताना गिरण, म्हणजे ग्रहण, बघितलंस का? डावा हात पाण्याचा. त्यानं जेवायचं नाही, वाढायचं नाही, देवापुढं न्यायचा नाही, कुणाला काही द्यायचं नाही. उजव्या माणसाला वाटतं, एवढंच पाळायचं तर त्यात काय मोठंसं. पण माझ्यासाठी सकाळी उठल्यापासून निजेपर्यंतचा सगळा दिवस त्यातच जायचा. तांब्या उचलायचा तर आधी आठवायचं. दार लोटायचं तर आठवायचं. बाकीची पोरं नुसती जगत होती आणि मी आठवत होते.

आई मला मारायची नाही. तिचा एकच शब्द होता, "हात." ती चुलीपुढं बसलेली असायची, पाठ माझ्याकडे असायची, तरी मी डाव्या हातानं भाकरीला शिवले की तिला कळायचं. "हात." मी हात बदलायचे. मी फारच विसरायला लागले तेव्हा तिनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि जेवायच्या वेळी माझा डावा हात कमरेला बांधायला लागली. गाठ पाठीमागे, माझ्या दुसऱ्या हाताला सापडणार नाही अशी. भाऊ हसायचे. वडील माझ्या बाजूचे होते, म्हणजे ते गप्प बसायचे. जेवण झालं की आई गाठ सोडायची, माझं मनगट दोन्ही हातांनी चोळायची आणि म्हणायची, "तुज्याच भल्याचं हाय गो."

मला तेव्हा भयंकर राग यायचा. एकदा मी ती पट्टी चुलीत घातली. आईनं दुसरी फाडली. लुगडं नऊवारी होतं, माझा राग तेवढा लांब नव्हता.

पण त्याच हाताचं मला अप्रूपही होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात शेताच्या बांधात खेकड्यांची बिळं असायची. भाऊ उजवा हात घालायचे, चावून घ्यायचे, शिव्या द्यायचे. मी डावा घालायचे. आत काही दिसत नाही, नुसता गार चिखल, आणि माझी बोटं चिखलातून अशी जायची की खेकडा कुठं वळलाय, नांगी कुठल्या बाजूला आहे, ते त्यांना आधीच ठाऊक असावं. मी त्याला पाठीकडून धरून वर काढायचे आणि हाताकडे बघत राहायचे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. उजव्या हाताला सगळं शिकवावं लागत होतं, आणि याला कुणी काही न शिकवता, उलट बांधून ठेवूनसुद्धा, येत होतं. माझ्याच अंगाला माझ्याहून जुनं काहीतरी जोडलेलं आहे असं वाटायचं. त्या वयात देवाची भीती वाटते तशी मला त्या हाताची थोडी भीतीही वाटायची.

शाळेत गुरुजींनी फारसं काही केलं नाही. डाव्या हातातला खडू काढून उजव्या हातात द्यायचे, न बोलता, न चिडता, रोज. तसं करत करत मी उजव्या हातानं लिहायला शिकले. अजून तसंच लिहिते. अक्षर बरं आहे, पण ते माझं वाटत नाही.

शेतात मात्र लपवता यायचं नाही. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, बायका एका रांगेत वाकून मागे मागे सरकत जातात. रोपांची जुडी डाव्या हातात, लावायचा हात उजवा. रांगेत मी उभी राहिले की माझा लावायचा हात आणि डावीकडच्या बाईचा लावायचा हात एकाच जागी यायचे आणि कोपराला कोपर लागायचं. मग कुणीतरी कंबर सरळ करून म्हणायचं, "ही मेली डावरी, हिला टोकाला घाला." डावीकडचं टोक म्हणजे बांधाजवळची वाकडी ओळ. तिथं माझ्या डाव्या हाताला कुणी नव्हतं. मी तिथं एकटीच भराभर लावत जायचे आणि सगळ्यांच्या आधी मागच्या बांधाला टेकायचे. आई त्याच रांगेत असायची. ती वर बघायची नाही.

लग्नाचं बघायला आले तेव्हा आईनं मला आदल्या दिवशीच बसवून सगळं करून घेतलं. पोहे असे द्यायचे, पाण्याचा तांब्या असा धरायचा, पाया पडताना उजवा हात आधी. माणसं मुरबाडकडची होती, म्हसा गावाच्या रस्त्यावरची. मुलगा मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला, घरी भातशेती. माझं सगळं नीट पार पडलं. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईनं उगाच म्हणून विचारलं, "पोरीत काय खोट नाय ना?" आई म्हणाली, "काय्यच खोट नाय." मी आत परात घेऊन उभी होते. आईच्या तोंडून खोटं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. खोटं तरी कसं म्हणू? तिला खोट वाटत होती तीच तिनं नाही म्हटली, आणि ती खोट नव्हतीच.

लग्न लागून सासरी निघायच्या वेळी तिनं मला गोठ्याकडे नेलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणाली. "पोरबाळ होऊ दे, पाय रोवू दे, मंग कुणी काय बोलणार नाय. तवर संबाळ." मी मान हलवली. तिनं सवयीनं माझं डावं मनगट चोळलं. माझ्या हाताला तेव्हा काही बांधलेलं नव्हतं.

सासरी गेले ती अशी, एक हात घरात आणि एक हात लपवलेला. नवरा शांत माणूस, सकाळी डबा घेऊन जायचा, संध्याकाळी यायचा. त्याला कळलं असावं, पण तो माझ्या वडिलांसारखाच माझ्या बाजूचा होता. खरी बाई होती ती सासू. उंच, हडकुळी, बोलायला थोडी, आणि कामाला अशी की तिच्या शेजारच्या ओळीत उभं राहायला गावातल्या बायका कचरायच्या. तिनं डोळखांबकडची सून मुद्दाम आणली होती. तिकडच्या पोरी कामाला वाघिणी असतात असं तिनं कुणाकडून ऐकलं होतं. आणि मी आले. आवणीला मी उजव्या हातानं रोपं लावत होते, एक एक, मोजून मापून, आणि रांग माझ्यासाठी थांबत होती. सासू काही बोलली नाही. चुलत सासू बोलली. "दिसायला वाघीण, कामाला मांजर." बायका हसल्या, मीही हसले. त्या दिवशी घरी येऊन मी मोरीत जाऊन रडले. मला राग होता तो हा की मी वाघीण होते, आणि ते त्यांना सांगायची सोय नव्हती.

आमच्या सासरी कापणीची एक रीत होती. भात पिकून पिवळं झालं की पहिल्या दिवशी बांधावर नारळ फोडायचा आणि त्या वर्षी घरात आलेल्या सुनेनं पहिली मूठ कापायची. ती मूठ घरी आणून दाराच्या चौकटीला बांधायची. पुढच्या कापणीपर्यंत ती तिथंच राहते. घरातनं जाणारा येणारा तिच्याखालून जातो. सून नसेल त्या वर्षी सासू कापते, पण सुनेच्या हातची मूठ चांगली.

मला आठवतंय ती सकाळ. धुकं नुकतंच उठलं होतं आणि दव अजून भातावर होतं. खाचरात इकडून तिकडे सगळं वाकलेलं, जड. मी जन्मभर भात बघितलेलं, तरी त्या सकाळी मला वाटलं की एवढं मोठं, एवढं गप्प काही आपण बघितलेलंच नाही. बांधावर पंधरावीस माणसं उभी. नारळ फुटला. सासूनं स्वतःचा विळा माझ्या हातात दिला, उजव्या हातात, आणि मागे सरली.

मी वाकले. डाव्या हातानं मूठ धरली, उजव्यानं विळा लावला. ओढला. विळा काडीत अडकला, अर्ध्या काड्या तुटल्या, अर्ध्या नाही. मागून कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. पुढचं मी ठरवून केलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. विळा डाव्या हातात गेला. मूठ उजव्या हातात आली. दाते उलटे होते, पण त्या हातानं मनगट कुठंतरी वळवलं, कसं ते मला सांगता येणार नाही, आणि मूठ कापून निघाली. बोट कापलं. भातावर रक्ताचे थेंब पडले. मी सरळ उभी राहिले तेव्हा माझ्या उजव्या हातात पहिली मूठ होती आणि डाव्या हातात विळा होता.

"बाय गो," चुलत सासू म्हणाली, "ही तं डावरी हाय."

मला आधी आई आठवली. माझं काय व्हायचं ते होवो, पण आईचा शब्द माझ्या हातानं मोडला होता, तोही दुसऱ्यांच्या देवापुढं, दुसऱ्यांच्या शेतात.

चुलत सासू पुढं झाली. "टाकून दे ती. दुसरी काप तू," ती सासूला म्हणाली. "वरीसभर दारावर ऱ्हायची हाय, डाव्या हाताची मूठ. घराला बरी नाय."

सासू माझ्याजवळ आली. तिनं माझ्या हातातली मूठ घेतली. मला वाटलं आता मूठ बांधापलीकडे जाणार. तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली, रक्त लागलेल्या काड्या बघितल्या, कपाळाला लावली आणि पदरात ठेवली.

"कापली ती कापली," ती म्हणाली. "भाताला हात ठावा नाय." मग माझ्या बोटाकडे बघून, "त्याला तंबाखू लाव," आणि वाकून कापायला लागली. बायका एक एक करून वाकल्या. मी तिथंच उभी होते. मला खरंच वाटलं होतं की काहीतरी कोसळेल, आणि शेतात नुसता विळ्यांचा आवाज येत होता.

मूठ चौकटीला बांधली गेली. त्यानंतर मी कितीतरी महिने तिच्याखालून जाताना श्वास रोखायचे. गाय व्यायला झाली, मी मुठीकडे बघितलं. नवऱ्याला ताप आला, मुठीकडे बघितलं. कौलावरनं मांजर पडलं तरी मी मुठीकडे बघितलं. गाय नीट व्याली, ताप उतरला, मांजराला काहीच झालं नाही. वर्ष इतकं साधं गेलं की माझा त्यावर विश्वास बसेना. चिमण्यांनी मुठीतले दाणे खाऊन टाकले, तेवढंच काय ते नुकसान.

पण त्याच कापणीत मी कामाला मात्र चांगली ठरले नाही. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून मी डाव्या हातानं कापायला लागले, आणि रोज एखादं बोट कापून घ्यायला लागले. एकदा वैतागून मी म्हटलं, विळाच धड नाही. चुलत सासू टपूनच होती. "नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. मला वाटलं, असेल बाई. विळा सगळ्यांना चालतो आणि मला चालत नाही, तर खोट विळ्यात कशी असेल. मी उजव्या हाताकडे परत जायच्या बेतात होते.

सासूनं त्या दुपारी, भाकरी खाऊन झाल्यावर, माझा विळा मागून घेतला. तिनं तो डाव्या हातात धरला. आयुष्यात पहिल्यांदाच धरला असणार, कारण तिनं तो सापाला धरावं तसा धरला होता. मग बसल्या जागी दोन काड्यांवर ओढून पाहिला. सटकला. परत ओढला. परत सटकला. तिनं पातं डोळ्यांजवळ नेलं आणि दात्यांवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. बराच वेळ तिचं तेच चाललं होतं. शेवटी तिनं विळा मला परत दिला.

"खरंच वाकडं हाय गो अंगण," ती म्हणाली.

तिनं ते चेष्टेनं म्हटलं नव्हतं. तिला नवल वाटलं होतं. एवढी कापणी केलेली बाई, हातातली वस्तू आपल्याला ओळखीची नाही हे तिला त्या वयात कळलं, आणि तिनं ते तसंच्या तसं बोलून टाकलं. मी तिच्याकडे बघत राहिले. माझ्या हाताबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. पण विळा आपल्याही डाव्या हातात घेऊन बघावा, असं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं.

पौषात म्हशाची जत्रा भरली. आमच्या घरापासून ती जवळ, त्यामुळे जत्रा म्हणजे आमच्याकडे पाहुण्यांचा राबता. माणूस, बैल, घोंगड्या, पाळणे, भजी, धूळ. बैलांच्या बाजारातून जाताना माझा ऊर भरून आला. एवढी जनावरं, शिंगं रंगवलेली, आणि त्यांच्या श्वासाची वाफ सगळीकडे. सासू मला हाताला धरून त्यातून सरळ लोहारांच्या पालांकडे घेऊन गेली. ती दर वर्षी तिथूनच विळे, कोयते घ्यायची. तिच्या ओळखीचा लोहार भाता लावून बसला होता आणि त्याची बायको उभ्यानं घण मारत होती. तिचा घण असा पडत होता की पायाखालची जमीन थरथरायची.

"इळा पायजे," सासू म्हणाली. "डाव्या हाताला."

लोहार हसला. म्हणाला, विळा विळा असतो मावशी. सासूनं त्याच्याच पालातला एक विळा उचलला, डाव्या हातात धरला आणि त्याच्यापुढं पेंढ्याच्या काडीवर ओढून दाखवला. त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, असा कुणी करत नाही, केला आणि तुम्ही नाही नेला तर मी तो कुणाला विकू? "आमीच नेऊ," सासू म्हणाली. "आमच्या घरात गिऱ्हाईक हाय." आणि तिनं मला पुढं ढकललं. इतक्या माणसांत, दिवसाउजेडी, तिनं माझी ओळख अशी करून दिली.

त्यानं पातं तापवलं, दोघांनी ठोकलं, वाकवलं. तोवर सगळं नेहमीसारखं होतं. मग दाते पाडायची वेळ आली. त्यानं छिन्नी धरली, हातोडी उचलली, आणि टक टक टक करत सुरुवात केली. बायकोनं घण खाली ठेवला आणि म्हणाली, "अवो, काय करताय?" त्यानं सवयीनं दाते नेहमीच्याच अंगानं पाडायला घेतले होते. त्यानं जीभ चावली. पातं परत भट्टीत गेलं, ते दाते ठोकून मोडले, पातं पालथं केलं. आता त्याला उलटीकडून यायचं होतं. छिन्नी कशी धरावी ते त्याला सुचेना. कोपर अंगाला लागत होतं. तो उठून ऐरणीच्या पलीकडे जाऊन बसला, मग परत अलीकडे आला. एक दाता पाडायचा, थांबायचा, बघायचा.

मी ते बघत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटत नव्हतं. लहानपणापासून मी उजव्या जगात अशीच कोपरं सांभाळत, जागा बदलत, एक एक दाता आठवत आले होते. आणि आज एक मोठा, आपल्या कामात मुरलेला माणूस माझ्या हातासाठी तसाच अडखळत होता, कपाळावर घाम आणून, आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नव्हता. भट्टीच्या उजेडात ते पातं लाल होतं आणि जगात तसं दुसरं नव्हतं. निदान म्हशाच्या जत्रेत तरी नव्हतं.

त्या विळ्यानं मी पुढच्या कापणीला पहिली ओढ घेतली तेव्हा आवाज आला. कर्र. इतकी वर्षं तो आवाज मी शेजारच्या हातातून ऐकत होते. मूठ सुटून हातात आली, अलगद, मागितल्यासारखी. मी थांबले. परत ओढला. परत आला. मग मी थांबलेच नाही. खेकड्याच्या बिळात जो हात मला भेटायचा तोच हा, फक्त आता उघड्यावर, उन्हात, सगळ्यांसमोर. सासू शेजारच्या ओळीत होती आणि मी तिच्या बरोबरीनं जात होते. चुलत सासू मागे राहिली होती. खोटं कशाला बोलू, ते मला फार आवडलं. पहिली मूठही तेव्हा चौकटीवर बदलली होती. त्या वर्षी नवी सून नव्हती, रीतीप्रमाणे सासूनं कापायची, पण तिनं विळा माझ्याकडे केला होता. डाव्या हाताकडे.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी माहेरी जायचे तेव्हा उजव्या हातानं जेवायचे आणि तिला वाटायचं, सगळं झाकलेलं आहे. मी सांगितलं नाही कारण कसं सांगायचं ते कळत नव्हतं. तुझा शब्द मोडला म्हणून सांगू, की मोडला ते बरं झालं म्हणून सांगू?

ती त्याच कापणीत आली, न सांगता. दिवाळीनंतरचे दिवस. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करत, गाड्या बदलत आली आणि घरी कुलूप दिसलं म्हणून तशीच हातात पिशवी घेऊन शेताकडे. मी वाकलेली होते, मला ती दिसली नाही. रांगेच्या बरोबर मधे होते मी. आमच्या रांगेत आता माझ्या डावीकडे सासू जागा सोडून उभी राहायची, त्यामुळे कोपर लागायचा प्रश्न नव्हता. विळा चालला होता.

"हात."

मागून आवाज आला. हळू, एकच शब्द. माझं मनगट आपोआप थांबलं. विळा डाव्या हातातून उजव्याकडे निघालासुद्धा होता, एवढ्या वर्षांची सवय. मी वळले. आई बांधावर उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्याकडे बघतच नव्हती, ती माझ्या सासूकडे बघत होती, चोरी पकडली गेलेल्या माणसासारखी.

सासूनं कंबर सरळ केली. पदरानं तोंड पुसलं.

"तिचाच हाय तो, इहीणबाय," ती म्हणाली. "चालू द्या."

आणि ती परत वाकली. मला आयुष्यात कुणी इतकं थोडं बोलून इतकं दिलेलं नाही. मी विळा डाव्या हातात नीट धरला आणि वाकले. आई बघतेय हे मला पाठीत जाणवत होतं. मी ओळ संपवली. मग अजून एक. मी वळून बघितलं तेव्हा ती पिशवी खाली ठेवून बांधावर बसली होती आणि माझा हात बघत होती. विळा जिकडे जाई तिकडे तिची मान जात होती. कुणी पहिल्यांदा समुद्र बघावा तसं ती बघत होती. तिनं तो हात जन्मल्यापासून बघितला होता, पण काम करताना, मोकळा, असा कधी बघितलाच नव्हता. आवणीच्या रांगेत ती वर बघायची नाही.

दुपारी भाकरी सोडली. सासू नि बाकीच्या बायका आंब्याखाली होत्या. आई माझ्याजवळ बसली. ती काही बोलेल म्हणून मी थांबले होते, चिडेल, रडेल, सासूची माफी मागेल. तिनं माझा डावा तळवा उलटून पाहिला. नव्या विळ्याची लाकडी मूठ अजून खरबरीत होती आणि तळव्याला फोड आले होते. तिनं पिशवीतून फडकं काढलं, ज्यात तिनं माझ्यासाठी करंज्या बांधून आणल्या होत्या. करंज्या तिनं पानावर काढून ठेवल्या आणि दातानं कड धरून त्या फडक्याची लांब पट्टी फाडली. तो आवाज मला ओळखीचा होता. माझा हात नकळत मागे गेला.

तिच्या ते लक्षात आलं. ती थांबली. मग तिनं माझा विळा मांडीवर घेतला आणि पट्टी त्याच्या मुठीला गुंडाळायला लागली, एकावर एक, नीट दाबून. अर्धी झाल्यावर तिनं वर न बघता विचारलं.

"दुकायचा का गो? बांदायची मी तवा?"

नाही म्हणणं सोपं होतं. ती थकून आली होती, तिचं वय झालं होतं, आणि तिनं जे केलं ते माझ्या भल्याचं समजून केलं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. मी लहानपणापासून तिला हवं ते उत्तर देत आले होते, हवा तो हात पुढं करत आले होते.

"दुखायचा," मी म्हटलं.

आईनं मान हलवली. पट्टीचं टोक मुठीत आत खोचलं, गाठ मारली नाही, आणि विळा माझ्यापुढं धरला. मी तो घ्यायला हात पुढं केला, तर तिनं तो जरा थांबवला, वळवला आणि माझ्या डाव्या हातात दिला.